वृक्षांचे कीटकांपासून रासायनिक संरक्षण

पाने, साल, खोड व बिया खाणाऱ्या कीटकांना रोखण्यासाठी वृक्ष आपल्या ऊतींत जी द्रव्ये साठवून ठेवतात किंवा इजा झाल्यावर नव्याने तयार करतात, त्यांच्या साहाय्याने होणाऱ्या बचावाला रासायनिक संरक्षण म्हणतात. प्रकाशसंश्लेषण, श्वसन यांसारख्या मूलभूत क्रियांना ही द्रव्ये लागत नसल्याने ती दुय्यम द्रव्ये म्हणून ओळखली जातात आणि दीर्घकाळ ती टाकाऊच समजली जात. त्यांचे प्रयोजन कीटकांपासून बचाव हेच असल्याचे मत कीटकशास्त्रज्ञ गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी १९५९ मध्ये ठामपणे मांडले.

यांतील बहुतेक द्रव्ये कीटकाला तत्काळ मारत नाहीत. ती त्याची भूक, पचन किंवा वाढ मंदावतात, आणि वाढ रेंगाळलेली अळी पक्षी व परजीवी गांधीलमाश्यांच्या तावडीत अधिक काळ राहते. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिनमुळे अनेक कीटक खाणे सोडतात व त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. ओकच्या पानांतील टॅनिने (तुरट द्रव्ये) प्रथिनांशी बांधली जातात व त्यामुळे ती प्रथिने पचायला अवघड होतात. पॉल फीनी यांनी १९७० मध्ये दाखवले, की ही टॅनिने उन्हाळाभर वाढत जातात आणि म्हणूनच काही पतंगांचे सुरवंट वसंतातील कोवळ्या पालवीवरच आपली वाढ उरकून घेतात. तथापि अनेक सुरवंटांचे आतडे अल्कधर्मी असल्यामुळे तेथे हा बंध टिकत नाही. टॅनिन म्हणजे हमखास संरक्षण, ही पाठ्यपुस्तकी समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांत राळ दाबाखाली नलिकांत भरलेली असते. सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्याने नलिका फोडली, की राळ उसळून त्याला बाहेर ढकलते किंवा बुडवते. तिच्यातील बाष्पनशील टर्पिने उडून जातात आणि उरलेला भाग घट्ट होऊन जखम बुजवतो. भुंगेरे एकजुटीने तुटून पडले, तर मात्र राळ पुरत नाही. उत्तर अमेरिकेतील पर्वतीय पाइन भुंगेऱ्याच्या माद्या तर झाडाच्याच राळेतील पायनिन या टर्पिनापासून गंधद्रव्य बनवून इतर भुंगेऱ्यांना बोलावतात.

साठा बाळगणे खर्चिक असल्याने काही द्रव्ये गरजेपुरतीच बनतात. पान कुरतडले गेल्यावर त्यात जॅस्मोनिक आम्ल हे संप्रेरक वाढते व त्याच्या संदेशाने कीटकाच्या पाचक विकरांना (एन्झाइमांना) अडथळा करणारी प्रथिने तयार होऊ लागतात. पाने फाडलेल्या पॉपलर व मेपल रोपांच्या सान्निध्यातील, एकाच हवेतील अखंड रोपांतही फिनॉली द्रव्ये वाढल्याचे इयन बाल्डविन व जॅक शुल्ट्झ यांनी १९८३ मध्ये नोंदवले आणि ‘बोलणारी झाडे’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तो आकर्षक असला तरी दिशाभूल करणारा आहे, कारण इजा झालेल्या पानांतून हवेत सुटणारे असे गंध झाडाला स्वतःच्याच दूरच्या फांद्यांना सावध करण्यासाठीही उपयोगी पडतात. एल्मच्या पानावर विशिष्ट भुंगेऱ्याने अंडी घातली, की कुरतडणे सुरू होण्यापूर्वीच झाड जे गंध सोडते, ते त्या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीला आकर्षित करतात.

कीटकांनीही तोडगे काढले आहेत. तुतीच्या चिकात शर्करेशी साम्य असलेली अल्कलॉइडे असतात. इतर कित्येक अळ्यांना ती घातक असली तरी रेशीमकिड्याच्या विकरांवर त्यांचा परिणाम होत नाही. पॉपलरवरील लाल पानभुंगेऱ्याची अळी तर पानातील सॅलिसिनापासून सॅलिसिलाल्डिहाइड बनवते आणि डिवचल्यास पाठीवरील ग्रंथींतून त्याचे उग्र थेंब बाहेर काढून शत्रूला परतवते.