पग की लॅब्राडोर? भुसावळच्या मे महिन्यात आधी नाक बघा

भुसावळला माझ्या भाचीच्या घरी दोन महिने एकच वाद चाललाय. कुत्रा आणायचा हे ठरलंय, कोणता ते ठरत नाही. जावई म्हणतात, दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, लिफ्ट नाही, त्यात मावेल असा पग आणू. नातवाला लॅब्राडोरच हवा, कारण त्याच्या मित्राकडे आहे. शेवटी भाचीने फोन केला, "मामा, आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलंत, आता तुम्हीच सांगा."

मी गेलो तेव्हा तिचे सासरे, आप्पा, झोपाळ्यावर बसून नातवाच्या मोबाइलमध्ये पगाचा फोटो बघत होते. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, घरात अहिराणीच बोलतात. बराच वेळ फोटो न्याहाळून ते म्हणाले, "ह्याले नाकच नही ना रे भो, मंग हाऊ श्वास कसा लेस?"

त्या घरात दोन महिन्यांत विचारला गेलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न होता. हा लेख त्याचंच उत्तर आहे.

आपल्याला उकडलं की अंगभर घाम येतो, तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला ही सोय जवळपास नाही. त्याच्या घामाच्या कामाच्या ग्रंथी पंजांच्या तळव्यांत असतात, आणि तेवढ्याशा जागेतून तीस किलोचं शरीर थंड होत नाही. हवा अंगापेक्षा गार असेल तर कुत्रा गार फरशीवर पोट टेकून किंवा सावलीत पडून थोडी उष्णता टाकू शकतो. पण कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे भोवतालची हवाच कुत्र्यापेक्षा तापलेली. अशा वेळी उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येते. मग एकच वाट उरते, पाण्याची वाफ करणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, ती कुत्रा आपल्या अंगातून देतो आणि तेवढा थंड होतो.

ही वाफ होते कुठे? जीभ बाहेर लोंबलेली दिसते म्हणून आपल्याला वाटतं, जिभेवर. जिभेचा वाटा आहेच, पण खरं यंत्र नाकात आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. लांब नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, एखाद्या सुरळीसारख्या, आणि त्यांच्यावर ओलं अस्तर. नाकाच्या बाजूच्या ग्रंथी ते अस्तर सतत ओलं ठेवतात. कोरडी हवा त्या गुंडाळ्यांवरून सरकते, वाफ घेते आणि तोंडावाटे निघून जाते.

खानदेशात हे समजवायला वेगळी आकृती काढावी लागत नाही. हा आपला कूलर आहे. नाकातल्या गुंडाळ्या म्हणजे वाळ्याच्या ताट्या, ग्रंथी म्हणजे पाणी चढवणारा पंप, आणि फुप्फुसं म्हणजे पंखा. पंखाही असा हुशारीचा, की वीज जवळजवळ लागत नाही. कुत्रा मिनिटाला तीनशेच्या वर धापा टाकतो. एवढी मेहनत केली तर अंग आणखी तापायला हवं. पण झोपाळा त्याच्या स्वतःच्या लयीत हलला की नुसत्या बोटाने चालू राहतो, तसाच कुत्र्याच्या छातीचा पिंजरा आपल्या नैसर्गिक लयीत हलतो. हे १९६० च्या दशकात मोजलं गेलं. मी वर्गात अनुनाद शिकवताना झोपाळाच सांगायचो. कुत्र्याचं उदाहरण तेव्हा सुचलं नाही याची हळहळ वाटते.

आता या कूलरची पेटी कोणी बाहेरून ठोकून चपटी केली तर? पगाचं तेच झालंय.

पग मूळचा चीनमधला, सोळाव्या शतकात हॉलंडमार्गे युरोपात पोचला. तेव्हाचा पग आजच्यासारखा दिसत नव्हता. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७४५ मध्ये स्वतःच्या चित्रात आपला पग काढलाय, त्याला चांगलं पुढे आलेलं नाकाड आहे. पुढच्या पिढ्यांत माणसांनी चपट्यातला चपटा चेहरा निवडून निवडून पैदास केली. चेहरा आखूड करणाऱ्या जनुकांपैकी बीएमपी३ चा शोध २०१२ मध्ये आणि स्मॉक२ चा २०१७ मध्ये लागला. गडबड अशी की या निवडीत हाडं आखडली, पण मांस तेवढं आखडलं नाही. मऊ टाळू पूर्वीइतकाच लांब, तो घशात लोंबतो. जीभ जाड. नाकपुड्या चिरेसारख्या. गुंडाळ्या दाटीवाटीने श्वासाच्या वाटेवरच आलेल्या. पग झोपेत घोरतो ते लोकांना गोंडस वाटतं. ते अडलेल्या श्वासाचं लक्षण आहे.

उन्हात याचा परिणाम दुहेरी होतो. ताट्या कमी म्हणून वाफ कमी. आणि अडलेल्या वाटेने हवा ओढायला छातीचे स्नायू झटतात, त्या कष्टाने अंग आणखी तापतं, म्हणून धापा वाढतात, त्याने घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते. खरं तर हवा अंगापेक्षा गार असेल तेव्हा लहान प्राणी मोठ्यापेक्षा लवकर थंड व्हायला हवा, त्याच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त असते. सहा-आठ किलोचा पग तीस किलोच्या लॅब्राडोरपेक्षा उन्हात तगायला हवा होता. पण ब्रिटनमधल्या जनावरांच्या दवाखान्यांतल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष आले: ऊन लागून आजारी पडण्याची शक्यता लॅब्राडोरच्या तुलनेत पगाला सुमारे तिप्पट, बुलडॉगला चौदा पट, चाऊ चाऊला सतरा पट. आणि हे ब्रिटनच्या उन्हाळ्यात, जिथे तीस अंशांना लोक हवालदिल होतात. २०२२ च्या आणखी एका ब्रिटिश अभ्यासात चपट्या तोंडामुळे होणारा श्वासाचा विकार पगाला इतर कुत्र्यांच्या ५० पटींहून जास्त आढळला.

जावयांचं गणित इथे उलटं पडतं. लहान घरात लहान कुत्रा, हे जागेपुरतं बरोबर आहे, पण वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत सगळ्यात आधी जीव घाबरा होतो तो पगाचाच.

आणि कूलर आहे ना, असं कोणी म्हणालं तर थांबा. आमच्या ओळखीच्या एका घरी असंच झालं. लग्नाला जाताना त्यांनी पगाला खोलीत ठेवलं, कूलर लावला, आणि ऊन यायला नको म्हणून खिडक्या घट्ट लावल्या. कूलर खोलीत गारव्यासोबत दमटपणा भरतो. खिडकी उघडी असेल तर तो बाहेर जातो, बंद असेल तर साचतो. साचलेल्या दमट हवेत कूलरही काम करत नाही आणि कुत्र्याचं नाकही, कारण दोघांचा धंदा एकच आहे. चार तासांनी ते परतले तेव्हा पगाची जीभ निळसर पडली होती. तो वाचला, पण त्या घरातली मुलगी अजून त्याला एकटं सोडत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस तोंडावर आलेला असतो आणि कूलर नुसता वारा फेकतो, ते दिवस म्हणूनच मेपेक्षाही कुत्र्यांना जड जातात.

मग लॅब्राडोर? नाक लांब, वाट मोकळी, हे खरं. पण तोही इथला नाही. नाव लॅब्राडोर असलं तरी त्याचे पूर्वज शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, कोळ्यांसोबत बर्फगार समुद्रात उड्या मारून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणारे. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडला गेले, १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली. त्या थंडीसाठी त्याला दोन थरांची फर आहे, आतली दाट आणि तेलकट. भुसावळला तो स्वेटर घालून राहतो. फर मुळापासून भादरून टाकू नका, तीच कातडीला उन्हापासून वाचवते. रोज विंचरून सुटलेले केस काढा. फिरवायचं ते सकाळी उजाडताना आणि रात्री डांबर निवल्यावर. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या त्याच नोंदींत ऊन लागलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्री फिरताना-पळताना आजारी पडली होती.

लॅब्राडोरची दुसरी गोष्ट मला उन्हापेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण ती बारा महिने चालते. तो सतत भुकेला असतो. लोक म्हणतात हावरट आहे. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा तुकडा गहाळ असतो. हे जनुक पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवायला मदत करतं. २०२४ मध्ये त्याच गटाने आणखी दाखवलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि स्वस्थ पडलेलं असताना त्यांचं शरीर सुमारे एक चतुर्थांश कमी ऊर्जा खर्च करतं. म्हणजे भूक जास्त, खर्च कमी. त्या बिचाऱ्याला हावरट म्हणून रागावू नका, आणि त्याच्या डोळ्यांना भुलूही नका. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांवर आयुष्यभर एक प्रयोग झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. २००२ मध्ये आलेला निकाल असा: पोटभर खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. वजन वाढलं की खुब्याचे सांधे आधी बोलतात, आणि जिन्याच्या दोन मजल्यांवर ते रोज बोलतील.

आता खानदेशातल्या घरात हे पाळणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. थंडीत शेतात भरिताची पार्टी असते, काड्यांवर वांगी भाजली जातात, आणि लॅब्राडोर पत्रावळीशेजारी लाळ गाळत बसलेला असतो. घासभर कोणीतरी देतोच. पण भरितात कांद्याची पात असते, लसूण असतो. त्यातले गंधकयुक्त पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने ते जात नाहीत. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसतो. सात किलोच्या पगाला त्या हिशेबाने एखादा मध्यम कांदा पुरे. शेवभाजीचा रस्साही तसाच. द्राक्षं आणि मनुका तर एकही नको, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. केळ्याचा तुकडा मात्र खुशाल द्या, आपल्याकडे त्याची वाण नाही.

ऊन लागलंच तर काय करायचं, हे दोन्ही जातींना सारखंच. कुत्रा तोल जाऊन चालू लागला, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली की आधी त्याला गार करा, मग दवाखान्यात न्या. अंगावर पाणी ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तोच तापतो आणि उष्णता कोंडतो. आपल्याकडे एक धोका आणखी आहे: दुपारी नळाला येणारं गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातालाही सोसत नाही. मे महिन्यात सावलीत दोन बादल्या भरून ठेवा, नाही तर सरळ माठ रिकामा करा.

मी भाचीला जे सांगितलं ते असं. पग नको. तो वाईट म्हणून नाही, पग फार मायाळू प्राणी आहे, पण त्याच्या श्वासाची किंमत तो चुकवतो, आपण नाही. नेदरलँड्सने २०१९ पासून नियम केलाय की नाकाड कवटीच्या लांबीच्या तीन दशांशांहून आखूड असेल तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. आपल्याकडे २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि गावोगावी त्याला मागणी आली. विकणाऱ्यांनी उन्हाळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लॅब्राडोर आणायचा तर पहाटे साडेपाचला उठणारी दोन माणसं घरात हवीत, खायचं मोजून घालायला एक ठरलेली वाटी हवी, आणि पिल्लाच्या आईबापांचे खुबे तपासलेत का ते विचारायची हिंमत हवी.

आप्पा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी झोपाळ्यावरूनच खाली गल्लीत बोट दाखवलं. कडुनिंबाखाली गल्लीतला गावठी कुत्रा काळू पडला होता, पायांनी खरवडून ओली माती उकरलेली, पोट त्या खड्ड्यात टेकलेलं. अंगावर आखूड केस, अंग सडपातळ, कान उभे, नाक लांब. त्याला कोणी निवडून घडवलेलं नाही. पिढ्यानपिढ्या जे या उन्हात तगले त्यांचीच पिल्लं पुढे आली. मी जावयांना म्हणालो, रेबीजची लस, गोचिडांचं औषध आणि नसबंदी एवढं केलं तर गावठी पिल्लू या घराला दोन्हींपेक्षा जास्त शोभेल. ते हसले नाहीत, विचारात पडले.

निर्णय दसऱ्यानंतर होणार आहे. कुठलंही पिल्लू पहिल्यांदाच मे महिन्यात घरात आणायचं नाही, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालंय. नातू मात्र थांबला नाही. त्याने आजीच्या शिवणाच्या डब्यातून मोजपट्टी घेतली, वहीवर दोन रकाने आखले, नाकाड आणि कवटी, आणि ओळखीच्या प्रत्येक कुत्र्यामागे लागलाय. काल त्याचा फोन आला. मित्राच्या लॅब्राडोरची नोंद झाली, स्टेशन रोडच्या पगाने मोजपट्टी चाटून ओली केली पण मोजू दिलं, आणि काळूने बिस्किटाच्या बदल्यात दोनदा मोजू दिलं. दोन्ही वेळा दोन्ही रकान्यांत जवळजवळ सारखाच आकडा आला.