मिलबर्न स्टोन
ह्यू मिलबर्न स्टोन (५ जुलै १९०४ – १२ जून १९८०) : अमेरिकन चरित्र अभिनेता. ‘गनस्मोक’ या वेस्टर्न (जुन्या अमेरिकी पश्चिमेच्या कथा सांगणाऱ्या) दूरचित्रवाणी मालिकेतील डॉक्टर गेलन अ‍ॅडम्स, म्हणजेच सर्वांचा ‘डॉक’, या भूमिकेसाठी प्रसिद्ध. जन्म कॅन्सस राज्यातील बर्टन या गावी. रंगमंचावरील नामांकित विनोदी नट फ्रेड स्टोन हे त्याचे काका. तरुणपणी त्याने फिरत्या नाटक मंडळ्यांतून कामे केली आणि १९३०च्या दशकात तो हॉलिवूडमध्ये आला.

तिथे वीस वर्षे त्याच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिकाच आल्या: पोलीस, वार्ताहर, वकील, सैनिक. १९३९ साली जॉन फोर्डच्या ‘यंग मिस्टर लिंकन’मध्ये त्याने लिंकनचा राजकीय प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस रंगवला, तर १९५३च्या ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मध्ये पोलीस डिटेक्टिव्ह. चेहरा ओळखीचा, नाव मात्र कुणाच्या लक्षात नाही, अशीच ही कारकीर्द राहिली असती.

‘गनस्मोक’ १९५२ पासून रेडिओवर गाजत होती. तिथे डॉकची भूमिका हॉवर्ड मॅक्निअर करत असे. १० सप्टेंबर १९५५ रोजी सीबीएस वाहिनीवर तिची दूरचित्रवाणी आवृत्ती सुरू झाली, तेव्हा स्टोन एक्कावन्न वर्षांचा होता. कथेचे गाव कॅन्ससमधलेच, डॉज सिटी. गावात कायदा राखणारा अधिकारी, मार्शल मॅट डिलन (जेम्स आर्नेस) गोळी झाडतो आणि भाग संपतो, एवढ्यावर ही मालिका थांबत नसे. गोळी लागलेला माणूस जिना चढवून डॉकच्या खोलीत आणावा लागे. कंदिलाच्या उजेडात चाललेली ती शस्त्रक्रिया, रक्ताळलेले हात, आणि रोगी दगावला की डॉकची होणारी चिडचिड यांतून बंदुकीची खरी किंमत प्रेक्षकांना दिसे. ‘गनस्मोक’ प्रौढांची मालिका ठरली, त्यात स्टोनचा वाटा मोठा आहे.

त्याचा डॉक तिरसट, फटकळ आणि मनाने हळवा. बोलता बोलता मिशीवरून हात फिरवण्याची त्याची लकब प्रेक्षकांच्या चांगलीच ओळखीची झाली. पुढे केन कर्टिसने रंगवलेला मार्शलचा मदतनीस फेस्टस मालिकेत आला आणि या दोघांची न संपणारी वादावादी हा तिचा मोठा आनंद बनला. एकमेकांना टोचत राहणाऱ्या दोन जिवलगांचे इतके खरे चित्र त्या काळच्या दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसले. या जोडीने रोडिओ (गुराख्यांच्या कसरतींचे खेळ) आणि जत्रांमधूनही एकत्र कार्यक्रम केले.

१९६८ साली स्टोनला या भूमिकेसाठी दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. १९७१ मध्ये हृदयविकारामुळे काही भागांत त्याच्या जागी पॅट हिंगलने दुसऱ्या डॉक्टरचे काम केले. बरा होताच स्टोन परतला. १९७५ मध्ये मालिका थांबली तेव्हा तिचे ६३५ भाग झाले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत वीसही वर्षे टिकलेले प्रमुख कलाकार दोनच, आर्नेस आणि स्टोन. त्याच वर्षी डॉज सिटीतील सेंट मेरी ऑफ द प्लेन्स महाविद्यालयाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. कॅलिफोर्नियातील ला होया येथे त्याचे निधन झाले. मेरिलँड राज्यातील सेसिल काउंटीत त्याच्या नावाचे नाट्यगृह आहे.