राखीव शब्द (जावा)

जावा या ऑब्जेक्ट ओरिएंटेड संगणकभाषेने आपल्या व्याकरणासाठी राखून ठेवलेले शब्द. क्लास (वस्तूंचा साचा), मेथड (कामाची कृती) किंवा व्हेरिएबल (मूल्य साठवणारे नाव) यांना ही नावे देता येत नाहीत. पाचव्या ते आठव्या आवृत्तीपर्यंत ते ५० होते. नवव्या आवृत्तीत (२०१७) सुटी अधोरेषाही (_) राखीव झाल्याने ५१ झाले. काही पाठ्यपुस्तकांत ५३ हा आकडा येतो, तो ‘ट्रू’, ‘फॉल्स’ व ‘नल’ हे तीन धरून. विनिर्देशानुसार (भाषेच्या अधिकृत नियमावलीनुसार) ही मूल्ये आहेत, राखीव शब्द नव्हेत. नाव म्हणून मात्र तीही चालत नाहीत.

‘गोटू’ (प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे उडी मारणे) व ‘कॉन्स्ट’ (न बदलणारे मूल्य) हे राखीव असूनही वापरता येत नाहीत. पुढे गरज पडेल म्हणून ते अडवून ठेवले, असे एक मत आहे. सी++ मधून आलेल्याने सवयीने ते लिहिल्यास कंपायलरला (प्रोग्रॅमचे रूपांतर करणाऱ्या साधनाला) नेमकी चूक दाखवता यावी, हे विनिर्देशात सुचवलेले कारण अधिक ग्राह्य वाटते. ‘कॉन्स्ट’चे बरेचसे काम ‘फायनल’ करतो, तर एकात एक असलेल्या लूपमधून (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातून) बाहेर पडायला लेबल लावलेला ‘ब्रेक’ पुरतो. बाइटकोडमध्ये (कंपायलरने तयार केलेल्या मधल्या रूपात) मात्र ‘गोटू’ याच नावाची आज्ञा आहे आणि साध्या ‘व्हाइल’ लूपचे रूपांतरही तिच्या आधारेच होते.

नवा शब्द राखीव केला की जुने प्रोग्रॅम अडतात. १.४ आवृत्तीत (२००२) ‘असर्ट’ आला. त्या नावाची मेथड असलेल्या जेयुनिट या चाचणीच्या साधनाला ती बदलून ‘असर्टट्रू’ करावी लागली. पाचव्या आवृत्तीत (२००४) ‘इनम’ आला, तेव्हा तर ‘एन्युमरेशन’ प्रकारच्या व्हेरिएबलला ‘इनम’ म्हणण्याची सर्रास रीत होती. पुढचे ‘व्हार’ (२०१८), ‘रेकॉर्ड’ व ‘सील्ड’ (२०२१) म्हणूनच संदर्भापुरते राखीव आहेत. ‘व्हार’ नावाचे व्हेरिएबल आजही चालते, क्लास चालत नाही. शब्द काढून टाकणेही टाळले जाते: दशांश गणिताचे उत्तर सगळीकडे सारखे ठेवणारा ‘स्ट्रिक्टएफपी’ सतराव्या आवृत्तीपासून निरुपयोगी ठरला, तरी यादीत आहे.

अधोरेषा सोडता सारे राखीव शब्द रोमन लिपीतील लहान अक्षरांचे आहेत. नावे मात्र युनिकोडमधील इतर लिपींतही देता येतात. ‘शिल्लक’ किंवा ‘विद्यार्थी’ हे व्हेरिएबल वेलांटी-जोडाक्षरांसह चालते. मराठीतून शिकवणाऱ्यांनी ही सोय अवश्य वापरावी. ‘इफ’च्या जागी ‘जर’ लिहिल्यास मात्र कंपायलर ते साधे नाव समजतो.