आईची स्मरणपुस्तिका : येताना काय काय आणाल?

प्रथम पुण्यस्मरणाला वाटायची पुस्तिका छापून घ्यायला मंडळी आमच्या नाशिकच्या छापखान्यात येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात आधार कार्डावरून मोठा केलेला एक फोटो आणि चार ओळी असतात. 'अत्यंत प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक वृत्तीच्या होत्या.' आणखी काही द्या म्हटले की उत्तर ठरलेले : "आई घरीच असायची हो, तिचं वेगळं असं काय लिहिणार?"

वडील ओझरच्या विमान कारखान्यात किंवा नोटा छापणाऱ्या नोटप्रेसला नोकरीला असतील तर नेमणुकीचे पत्र, बढतीची ऑर्डर, निरोप समारंभाचा फोटो असे सगळे फायलीत मिळते. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे जगलेल्या गृहिणीच्या नावाचा कागद मात्र रेशन कार्डाच्या पुढे सहसा जात नाही. तरी मजकूर घरातच असतो. तो शोधायचा कुठे, हे सांगायला हे पत्रक.

आधी माळ्यावरची भांडी खाली काढा

आपल्याकडे भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव घालून घेतात. भांडी बाजारातून आणलेल्या प्रत्येक डब्या-पातेल्यावर टिंबाटिंबांची एक ओळ असते : कोणाकडून, कोणाला, कशाप्रीत्यर्थ आणि बऱ्याचदा तारीखसुद्धा. लग्न, बारसे, मुंज, वास्तुशांत, मंगळागौरीचे वाण, सगळ्याची नोंद ताटाच्या मागे किंवा कळशीच्या गळ्याशी सापडते. घासून घासून अक्षरे पुसट झाली असतील तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च भांड्याला अगदी आडवा धरा. समोरून उजेड टाकला तर नुसती चकाकी येते, बाजूने टाकला की टिंबे उठून दिसतात. तसाच फोटो काढून आणा. मधल्या पानांवर आम्ही हे फोटो मोठे छापतो, कारण आईच्या संसाराची सनावळी याहून खरी दुसरी नसते.

जन्मतारीख

कागदावर १ जून असेल तर थोडे थांबा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली ही तारीख त्या पिढीत घरोघरी आहे. आईच्या जन्माबद्दल आणि संसारातल्या इतर सनांबद्दल तिने काय सांगितले होते ते आठवा. 'गंगेला मोठा पूर आला तेव्हा धाकटा पोटात होता' म्हणजे (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) बहुधा सप्टेंबर १९६९. पण पुढे २००८ लाही मोठा पूर आला, त्यामुळे पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागले होते एवढ्यावर सन ठरवू नका, सोबत आणखी एक खूण घ्या. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा. जुन्या हिशेबाच्या वहीत नुसते आणे-पै असतील तर ती बहुधा १९५७ च्या आधीची, कारण त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले. घराण्याचे तीर्थोपाध्याय पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला असतील तर त्यांच्या नामावळीत मागच्या पिढ्यांची नावे मिळू शकतात. अस्थिविसर्जनाला रामकुंडावर गेला होतात, तेव्हा तुमची भेट झालीही असेल. एवढे करूनही मेळ बसला नाही तर नुसता सन छापू, ओढूनताणून तारीख नको.

आठवणी कशा मागाव्यात

'आईबद्दल दोन शब्द लिहून पाठवा' असा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलात तर वीस जणांकडून 'मायेचा सागर' येईल. प्रत्येकाला वेगळे काम द्या. सुनेला विचारा, पहिल्या दिवशी सासूबाईंनी काय करायला लावले. जावयाला विचारा, पानात काय हमखास असायचे. शेजारणीला विचारा, भिशीत किंवा भजनात त्या कोणाशी भांडायच्या. हो, भांडणही येऊ द्या, वाचताना नातेवाईक त्याच पानावर थांबतात.

उन्हाळी कामांवर एक पान ठेवाच. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालणे, रोज पाणी बदलणे, वाटून चीक काढणे हे सगळ्या घरांत सारखेच. तुमच्या घरचे वेगळे काय ते हवे : चीक शिजला हे आई कशावरून ओळखायची, सोऱ्या दाबायला कोणाला बोलवायची, गच्चीवर कावळे हाकायला कोणाला बसवायची, आणि वाटीभर गरम चीक आधी कोणाला मिळायचा. तिच्या हातची पाककृती लिहिलेली वही असेल तर वहीच आणा. 'मीठ अंदाजे' असेल तर तसेच ठेवू. तेलाचे डागही पुसणार नाही.

फोटो

जुन्या अल्बममधून फोटो ओरबाडून काढू नका. चिकट पानांच्या अल्बममध्ये तो कागदासकट सोलून येतो. आख्खा अल्बम आणा, आम्ही पानासहित स्कॅन करतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेवरूनच घेता येतो. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मुखपृष्ठाला पुरत नाही, मूळ फोटो हवा. निगेटिव्ह असेल तर उत्तमच. डाग, घड्या, कसरीने खाल्लेले कोपरे आम्ही दुरुस्त करतो. कपाळावरचे कुंकू घालणे किंवा काढणे मात्र करत नाही. विचारणा वरचेवर होते, म्हणून आधीच सांगितले.

नाव

पुष्कळ घरांत लग्नात मुलीचे नाव बदलत. सासरचे नाव मोठ्या अक्षरांत आणि माहेरचे त्याखाली, असे आम्ही सुचवतो. नाहीतर आईच्या मामेभावंडांना पुस्तिका कोणाची ते कळत नाही, त्यांच्यासाठी ती आयुष्यभर बेबीताईच असते. 'गं. भा.' लावायचे की नाही हे घरात आधी ठरवून या. हल्ली बरेच जण ते गाळतात आणि आम्हालाही तेच बरे वाटते.

तारीख आणि छपाई

वर्षश्राद्ध तिथीने असते. तिथी पुढच्या वर्षी साधारण ११ दिवस आधी येते आणि मध्ये अधिक महिना आला तर गणित बदलते. तेव्हा गुरुजींना विचारून मगच आम्हाला तारीख कळवा. काम महिनाभर आधी द्या.

पानांची संख्या चारच्या पटीत लागते, कारण मधोमध पिन मारायची असते. सोळा पाने पुरतात, चोवीस झाली तर वाचायला मजा येते. मजकूर मोबाइलवर टाइप करून पाठवलात तरी चालतो. फक्त जुन्या फाँटमधली फाइल असेल तर बदलताना रफार आणि जोडाक्षरे घसरतात, त्यामुळे प्रूफ डोळ्यांखालून घालावेच लागते. ते किमान दोघांनी वाचावे आणि त्यातला एक आईच्या माहेरचा असावा. गावांची, आत्यामावश्यांची नावे तिकडचाच माणूस बरोबर पकडतो. त्याची सही झाल्यावरच मशीनवर कागद चढतो.