‘रेव्ह. बी’ आधीचं की नंतरचं? पायथनच्या आवृत्ती क्रमांकांची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘रेव्ह. बी’ (रेव्हिजन बी) दिसलं की आधीचं ड्रॉइंग बाजूला पडतं. बी म्हणजे ताजं. त्याच सवयीने कुणी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या आपल्या पॅकेजच्या दुरुस्त आवृत्तीला 2.0बी म्हटलं, तर पॅकेज बसवणारा आजचा पिप तिला हातही लावत नाही, जुनी 2.0च बसवतो. पूर्वी असं नव्हतं.

2000 साली पायथनसोबत डिस्टयुटिल्स हे पॅकेज बनवायचं साधन आलं. त्यात क्रमांक तपासायला दोन क्लास होते. स्ट्रिक्टव्हर्जन भलतंच सोवळं: दोन किंवा तीन आकडे, पुढे हवं तर ए किंवा बी, पण अक्षरानंतर आकडा पाहिजेच. नुसतं 2.0बी दिलं की एरर. लूजव्हर्जनला काहीही चालायचं. ते आकडे आणि अक्षरं सुटी करून ओळीने तुलना करायचं, म्हणून 2.0बी हे 2.0च्या नंतर, अगदी वर्कशॉपसारखं. मात्र त्याच न्यायाने 2.0बी1 ही चाचणी आवृत्तीही पक्क्या 2.0च्या पुढे जाऊन बसायची. पायथन 3मध्ये तर आकड्यासमोर अक्षर आलं की तुलनाच कोसळायची.

2009च्या पेप 386ने (पेप म्हणजे पायथनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव) शिस्त लावायचा प्रयत्न केला. ती खरी बसली 2013 साली मांडलेल्या पेप 440ने. अलिसा कॉघलन आणि डोनाल्ड स्टफ्ट त्याचे लेखक. यात तपासणीसोबत क्रमांकाचं रूपही ठरलं: सुरुवातीला लावलेला ‘व्ही’ गळतो, 1.0-अल्फाचं 1.0ए0 होतं. रेव्हिजनवाल्यांची खरी गंमत पुढे आहे. 2.0ए अल्फा, 2.0बी बीटा, 2.0सी चक्क रिलीज कँडिडेट, तिन्ही चाचणीच्या आवृत्त्या, म्हणून पक्क्या 2.0च्या आधी. आणि 2.0डी? अवैध.

अशा अवैध क्रमांकांना ‘पॅकेजिंग’ नावाच्या पायथन लायब्ररीने बरीच वर्षं लेगसीव्हर्जन म्हणून सांभाळून घेतलं, पण रांगेत सगळ्यांच्या मागे उभं करून. डिसेंबर 2022मध्ये पॅकेजिंग 22.0ने ती सवलत काढली आणि सरळ इनव्हॅलिडव्हर्जन हा एरर फेकायला सुरुवात केली. ऑक्टोबर 2023च्या पायथन 3.12मधून डिस्टयुटिल्सही गेलं, त्यामुळे लूजव्हर्जनवर विसंबलेल्या जुन्या स्क्रिप्ट इम्पोर्टच्या ओळीलाच अडतात. दुरुस्तीसाठी 2.0.1 लिहावं, कोड तोच ठेवून फक्त पॅकेजिंगमधली चूक सुधारली असेल तर 2.0.पोस्ट1.