विहिरीतला बेडूक आणि ‘व्हेरी वेल’

भांडुपची माझी भाची तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. परवा तिने धडा वाचून दाखवला : ‘अ फ्रॉग लिव्हड इन अ वेल.’ एकदाही अडखळली नाही. ताई खूश. “बघ, कशी फाडफाड वाचते!” मी विचारलं, “बेडूक कुठे राहायचा गं?” ती म्हणाली, “कुठे नाही, चांगला राहायचा. व्हेरी वेल!”

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्ही शून्य ते एकमध्ये मोजायचं. उलगडणं 0.9 आणि समज 0.2 असेल तर हाती येतं 0.18. एक बाजू शून्य असेल तर सगळंच शून्य.

उलगडणं शाळा घोटून घेते. तेही सोपं नाही म्हणा. देवनागरीत ‘क’ कुठेही क-च असतो, इंग्रजीतला ‘सी’ मात्र ‘कॅट’मध्ये क आणि ‘सिटी’मध्ये स होतो. पण समज येते ऐकण्या-बोलण्यातून, आणि भांडुपच्या चाळीत ते मराठीत चालतं. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स 1979 पासून सांगत आले की पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसरीत कामी येते. मात्र दुसऱ्या भाषेचा पुरेसा सहवास हवा. ही अट आपण सोयीस्करपणे विसरतो.

मग शिकवायचं कोणत्या भाषेत? अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवरून हा वाद मतपेटीपर्यंत गेला. कॅलिफोर्नियाने 1998 मध्ये द्विभाषिक वर्गांवर कडक बंधनं आणली आणि 2016 मध्ये ती उठवली. या गदारोळात शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांच्या चक्क चिठ्ठ्या टाकल्या. काही मुलं आधी स्पॅनिशमधून वाचायला शिकली, काही थेट इंग्रजीतून. पहिलीत स्पॅनिशवाली मुलं इंग्रजी वाचनात मागे होती. चौथीपर्यंत इंग्रजी वाचनातला लक्षणीय फरक उरला नाही. 2011 मध्ये निकाल मांडताना त्यांनी भर दिला तो शिकवण्याच्या दर्जावर.

म्हणजे पहिलीतल्या गुणांवरून घाबरून शाळा बदलणारे पालक फार लवकर निकाल लावतात. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. ॲडमिशनच्या दिवसांत चर्चा फक्त पाटीवरच्या माध्यमाची. वर्गात मुलं धड्याबद्दल बोलतात की नुसतं एका सुरात म्हणतात, हे विचारायला कोणी जात नाही. काही शाळांत तर मराठी बोललं की दंड! मुलाकडे जी समज आहे तीच दाराबाहेर काढून ठेवायची.

भाचीला मी बेडकाची गोष्ट मराठीत सांगितली. मग पुस्तक पुन्हा उघडलं. या वेळी ‘वेल’पाशी तिचं बोट थांबलं.

“विहिरीला वेल? मग ‘व्हेरी वेल’ म्हणजे खूप विहिरी का?”