टर्मिनल नवे, हवा तीच विरळ

लोहगावचे नवे टर्मिनल जुलै 2024 मध्ये सुरू झाले आणि ‘आता पुण्याहून कुठेही थेट विमान’ अशा बाता सुरू झाल्या. काउंटर आणि एरोब्रिज वाढले की रांगा आखडतात, हे खरेच. पण विमान उडते ते धावपट्टीवरून. ही धावपट्टी हवाई दलाच्या तळावरची आहे, लांबी 2,535 मीटर.

पंखांना मिळणारी उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरते. समुद्रसपाटीला, 15 अंशांना, एक घनमीटर हवा 1.225 किलो भरते. लोहगाव 592 मीटर उंच. एप्रिलच्या दुपारी पारा 38 वर गेला की तिथली हवा जेमतेम 1.06 किलो, म्हणजे जवळपास 14 टक्के तूट! विमानाच्या लेखी ही धावपट्टी तेव्हा सुमारे 1,500 मीटरवर असते. कळसूबाईचा माथा तिथून दीडशे मीटरच वर.

तेवढीच उचल मिळवायला वेग साडेसात टक्के जास्त हवा. किरकोळ वाटते, पण धावेचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 16 टक्के. त्यात इंजिनही तीच विरळ हवा ओढते, त्याचा जोर घटतो. दोन्ही मिळून धाव एक-तृतीयांशाने लांबू शकते. शिवाय ऐन वेगात एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या पट्टीत थांबता आले पाहिजे किंवा दुसऱ्या इंजिनावर उडता आले पाहिजे. हे जमत नसेल तर वजन उतरवायचे: माल, इंधन, नाहीतर प्रवासी. इंधन उतरवले की लांबचे शहर नकाशातून गेलेच. रात्री 24 अंशांना हीच हवा 1.11 किलो भरते, म्हणून जड विमानाला रात्र बरी.

(धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे ती वास्तुशास्त्रामुळे नव्हे. पश्चिमेच्या वाऱ्याला सामोरे धावले की जमिनीवरचा वेग तेवढा कमी पुरतो.)

मग पट्टीच लांबवा की! डांबर घालणे त्यातले सोपे काम. उतरणीच्या मार्गाखाली इमारतींच्या उंचीची मर्यादा पट्टीच्या टोकाजवळून दर 50 मीटरला 1 मीटर चढत जाते. टोक 500 मीटर पुढे सरकले, की त्या बाजूच्या पट्ट्यात ही मर्यादा एकदम 10 मीटर खाली येते. म्हणजे आज नियमात बसणाऱ्या इमारतीचे वरचे तीन मजले उद्या विमानाच्या वाटेत.